केशगळतीवरील औषधचाचण्यांतील प्लासिबो-प्रतिसाद : चाचणीच्या आराखड्याचा विचार

बीजसंज्ञा : केशगळती, पुरुषी टक्कल, चाई, प्लासिबो, नियंत्रण गट, मूल्यमापकाची अनभिज्ञता

प्रस्तावना

केस गळणे हा जीवघेणा आजार नव्हे. तथापि त्याची चिंता वाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि जेथे चिंता तेथे औषधविक्री हा अनुभव येथेही येतो. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी केशवर्धक तेलाची बाटली सहज मिळते. परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर गाठल्यास टाळूवर सुया फिरविण्याचे महागडे उपचारही मिळतात. लग्न ठरण्याच्या वयातील तरुण या उपचारांवर कित्येक महिन्यांची कमाई खर्च करतो. औषधविषयक १९४५ च्या नियमांतील ‘अनुसूची जे’ मध्ये टक्कल आणि नवीन केस उगविणे या दोहोंचा समावेश आहे. म्हणजे अमुक औषधाने टक्कल बरे होते, असा दावा औषधाच्या वेष्टनावर करण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ‘बरे होते’ असे न म्हणता ‘वैद्यकीय चाचणीत इतक्या टक्के व्यक्तींना लाभ झाला’ अशी भाषा वापरली जाते. ही भाषा शास्त्रीय वाटते आणि अनेकदा ती खरीही असते. परंतु त्या चाचणीत ज्यांना औषध दिलेच नव्हते त्यांपैकी किती जणांना ‘लाभ’ झाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर चकित करणारे आहे. पुरुषी टकलावरील फिनास्टेराइड या गोळीच्या मुख्य चाचण्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत १५५३ पुरुषांचा समावेश होता. वर्षअखेरीस तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते औषध घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के पुरुषांचे केस वाढले होते. आणि औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांचेही वाढले होते. त्याच पुरुषांची छायाचित्रे तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीपुढे ठेवली असता निव्वळ गोळी घेणाऱ्यांतील हे प्रमाण ७ टक्क्यांवर आले. पुरुष तेच, गोळी तीच, कालावधीही तोच. मधल्या ३० टक्क्यांचे केस गेले कोठे? ते टाळूवर उगवलेच नव्हते, असेच याचे उत्तर द्यावे लागते. ते चाचणीच्या आराखड्यातून निर्माण झाले होते. प्रस्तुत लेखात ही निर्मिती कशी होते ते पाहावयाचे असून, त्यासाठी मुंबईतील शीव येथे झालेला एक अभ्यास मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे.

प्लासिबो : परिणाम आणि प्रतिसाद

‘प्लासिबो’ हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘मी संतुष्ट करीन’ असा होतो. रूप, रंग, चव या बाबतींत औषधासारखाच, परंतु औषधी द्रव्य नसलेला पदार्थ म्हणजे प्लासिबो. मराठीत त्यास ‘आभासी औषध’ म्हणता येईल. १९५५ मध्ये हेन्री बीचर या अमेरिकी वैद्यकाने प्लासिबोमुळे सरासरी ३५ टक्के रुग्णांस समाधानकारक आराम पडतो, असे प्रतिपादन केले, आणि हा आकडा पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. बीचरच्या हिशेबात मात्र एक मोठी उणीव होती. ज्यांना काहीच दिले नाही अशा रुग्णांशी त्याने तुलना केलेली नव्हती. आपोआप बरे झालेलेही त्याने प्लासिबोच्याच खात्यावर जमा केले.

ही उणीव डेन्मार्कमधील ह्रोबयार्टसन व गॉत्से या संशोधकांनी २००१ मध्ये भरून काढली. ज्या चाचण्यांत एका गटास प्लासिबो आणि दुसऱ्या गटास काहीच दिले गेले नव्हते अशा ११४ चाचण्यांचा त्यांनी एकत्रित अभ्यास केला. वेदनेसारख्या, रुग्णाने स्वतः सांगावयाच्या बाबींत प्लासिबोचा काही परिणाम दिसला. परंतु यंत्राने वा मोजणीने तपासता येणाऱ्या बाबींत लक्षणीय परिणाम आढळला नाही. केसांच्या संदर्भात हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, कारण केस या दोन्ही प्रकारांत मोडतात. ते मोजताही येतात आणि ‘आता बरे वाटतात’ असे सांगताही येतात.

म्हणूनच दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. विश्वासाने शरीरात वा मनात खरोखर जो बदल होतो तो प्लासिबो-परिणाम. चाचणीच्या शेवटी प्लासिबो गटात जी सुधारणा नोंदविली जाते ती सगळी मिळून प्लासिबो-प्रतिसाद. या प्रतिसादात नैसर्गिक सुधारणा, ऋतुमान, मोजणीतील चूक, डॉक्टरांचे औदार्य आणि रुग्णाची आशा हे सारे एकत्र मिसळलेले असते.

केसाचे जीवनचक्र आणि चाचणीचा मुहूर्त

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांत अवस्थेत राहतो आणि गळतो. त्याच रोमकूपातून पुन्हा नवा केस येतो. या क्रमाने रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. टायफॉइड, डेंग्यू यांसारखा कडक ताप किंवा बाळंतपण यांनंतर पुष्कळसे केस एकदम विश्रांत अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. रुग्ण घाबरतो तो या वेळी, आणि औषधासाठी येतो तोही याच वेळी. वस्तुतः गळणाऱ्या केसाखाली नवा केस तयार होत असतो. पुढील काही महिन्यांत गळती थांबते. या काळात त्याने जे काही डोक्यास लावले असेल त्यास यश मिळते. संख्याशास्त्रात ज्यास सरासरीकडे परतणे म्हणतात त्याचाच हा एक प्रकार होय : गळतीच्या शिखरावर निवडलेली व्यक्ती पुढील मोजणीत बहुधा उतारावरच सापडते.

बुलढाणा जिल्ह्यातील अलीकडील घटना येथे आठवण्यासारखी आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून जानेवारी २०२५ पर्यंत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत स्त्रीपुरुषांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. पाणी, बुरशी, शाम्पू अशा अनेक शंका घेतल्या गेल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही येऊन गेले. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्त, लघवी व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले व जस्ताचे घटलेले आढळल्याचे सांगून शिधापत्रिकेवरील गव्हाकडे बोट दाखविले. कारणाची चर्चा येथे करावयाची नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, काही आठवड्यांत अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. अशा गावात जानेवारीत एखाद्या तेलाची ‘चाचणी’ सुरू झाली असती, तर मार्चपर्यंत त्या तेलाची कीर्ती अमरावतीपर्यंत पोहोचली असती. त्याच गावातील निम्म्या रुग्णांना साधे खोबरेल देऊन ठेवले असते, तरच खरी गोष्ट उघड झाली असती.

ऋतूचाही विचार करावा लागतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे रँडल व एबलिंग यांनी १४ पुरुषांचे केस दीड वर्ष तपासून १९९१ मध्ये असे दाखविले की, वाढीच्या अवस्थेतील केसांचे प्रमाण मार्चमध्ये सर्वाधिक, तर सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत कमी असते. गळतीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वाधिक होते. मराठवाड्याच्या हवामानास इंग्लंडचे महिने जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु तत्त्व तेच राहते. गळतीच्या हंगामात सुरू होऊन तीन वा सहा महिन्यांत संपणारी चाचणी सर्वच गटांत सुधारणा दाखवील. यावर उपाय दोन : चाचणी पूर्ण वर्षभर चालविणे, किंवा सहभागींची भरती वर्षभर पसरवून दोन्ही गटांत ती सारखी ठेवणे. यांपैकी काहीच न करता केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करणारा अभ्यास ऋतूचे श्रेय औषधास देऊन बसतो.

सहभागी कोण?

चाई या विकारात डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चकते पडते. मर्यादित चाई असलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या जणांचे केस वर्षभरात काहीही न करता परत येतात. ग्रामीण भागात चाईवर जितके जालीम उपाय सांगितले जातात तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या विकारावर सांगितले जात असतील. त्याचे रहस्य बहुधा यातच असावे.

कांद्याचा रस हा त्यांपैकीच एक. बगदाद येथील संशोधकांनी २००२ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध केली. चाईच्या २३ रुग्णांना कांद्याचा रस आणि १५ रुग्णांना नळाचे पाणी दिवसातून दोनदा लावण्यास दिले. सहा आठवड्यांनी कांद्याच्या गटात २० जणांचे, म्हणजे सुमारे ८७ टक्क्यांचे केस उगवू लागले. पाण्याच्या गटात आठ आठवड्यांनी केवळ २ जणांचे. आकडे बोलके आहेत आणि ते सरसकट फेटाळण्याचे कारण नाही. परंतु कांद्याच्या रसाची ओळख नाकाला पटते, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आपणास कांदा मिळाला की पाणी, हे प्रत्येक रुग्णास पहिल्याच दिवशी कळले असणार. केसांची वाढ विश्वासाने होत नाही हे मान्य केले, तरी ज्यास पाणी मिळाले तो नेमाने किती दिवस लावील, पुन्हा तपासणीस येईल काय, आणि ‘केस उगवू लागले’ हे ठरविताना पाहणाऱ्याच्या नाकाचा त्याच्या डोळ्यावर प्रभाव पडेल काय, हे प्रश्न उरतातच.

याउलट बॅरिसिटिनिब या औषधाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रवेशाची अट कडक होती. डोक्यावरील किमान निम्मे केस गेलेले असावेत आणि चालू विकार सहा महिन्यांहून जुना, पण आठ वर्षांहून कमी असावा. आपोआप बरे होणारे बहुतेक रुग्ण या गाळणीत बाहेर पडतात. ३६ आठवड्यांनी डोक्यावरील किमान ८० टक्के भाग केसांनी भरलेला असणे, ही यशाची कसोटी होती. मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी एका चाचणीत ३८.८ टक्के व दुसरीत ३५.९ टक्के या कसोटीस उतरले. प्लासिबो गटात ६.२ व ३.३ टक्के. येथे प्लासिबो-प्रतिसाद लहान आहे. सौम्य व नव्या चाईचे रुग्ण घेऊन ‘काही प्रमाणात वाढ’ एवढीच कसोटी ठेवली असती, तर त्याच साखरेच्या गोळीचा आकडा कितीतरी पटींनी फुगला असता.

मोजणारा कोण?

आता फिनास्टेराइडच्या चाचण्यांकडे पुन्हा वळू. त्या चाचण्या दुहेरी अनभिज्ञ होत्या; म्हणजे कोणास औषध व कोणास प्लासिबो मिळाले हे रुग्णास वा डॉक्टरास ठाऊक नव्हते. तरीही डॉक्टरांनी प्लासिबो गटात पहिल्या वर्षी ३७ व दुसऱ्या वर्षी ४७ टक्के सुधारणा पाहिली. गट ठाऊक नसला तरी समोर बसलेला रुग्ण वर्षभर उपचार घेत आहे, आणि त्यास खरे औषध मिळत असण्याची बरीच शक्यता आहे, एवढे डॉक्टरास ठाऊकच होते. रुग्णही आशेने पाहत असतो. वर्षापूर्वीची टाळू कोणास अचूक आठवते? छायाचित्र-समितीपुढे मात्र रुग्ण नव्हता, त्याची आशाही नव्हती. ठरावीक अंतर, ठरावीक प्रकाश व ठरावीक केशरचना ठेवून काढलेली छायाचित्रे तेवढी होती.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती सहसा दुर्लक्षित राहते. पहिल्या वर्षी डॉक्टरांच्या मते औषध व प्लासिबो यांतील अंतर ६५ वजा ३७, म्हणजे २८ टक्के अंक होते. समितीच्या मते ४८ वजा ७, म्हणजे ४१. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांच्या हिशेबाने ८० वजा ४७, म्हणजे ३३. समितीच्या हिशेबाने ६६ वजा ७, म्हणजे ५९. म्हणजे सैल मोजमापाने औषधाचा आकडा वाढला खरा, पण औषधाची श्रेष्ठता मात्र झाकोळली. औषध खरोखर गुणकारी असेल तर कठोर मोजमाप त्याच्या बाजूचेच साक्षीदार ठरते. जे औषधनिर्माते सैल मोजमाप निवडतात त्यांच्याविषयी शंका घ्यावयास म्हणूनच जागा राहते.

तिसरे मोजमाप प्रत्यक्ष गणनेचे होते. माथ्यावरील एक इंच व्यासाच्या वर्तुळात सुरुवातीस सरासरी ८७६ केस होते. पाच वर्षांपर्यंत चाचणीत टिकून राहिलेल्यांमध्ये औषध घेणाऱ्यांचे मूळ संख्येहून सरासरी ३८ केस वाढलेले होते, तर प्लासिबो घेणाऱ्यांचे २३९ कमी झाले होते. शेवटपर्यंत प्लासिबोवर राहिलेले पुरुष संख्येने फार थोडे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही दिशा स्पष्ट आहे. पुरुषी टक्कल वाढतच जाते; त्यात खऱ्या अर्थाने प्लासिबोने केस उगवत नाहीत.

अर्थात गणनाही निर्दोष नसते. मोजावयाची जागा दर वेळी तीच राहावी म्हणून तेथे गोंदणाचा बारीक ठिपका देतात. केस ठरावीक लांबीचे कापून, प्रसंगी रंगवून, मोठे छायाचित्र घेतात. ठिपका नसेल तर जागा अर्धा सेंटिमीटर सरकली तरी संख्या बदलते. बारीक लव मोजावी की केवळ जाड केस, हेही आधीच ठरवावे लागते. मिनॉक्सिडिल या लावावयाच्या औषधाच्या २००२ मधील चाचणीत ३९३ पुरुषांत ४८ आठवड्यांनी दर चौरस सेंटिमीटरमागे ५ टक्के द्रावणाने १८.६, २ टक्के द्रावणाने १२.७ आणि औषधविरहित द्रावणाने ३.९ केस वाढल्याची नोंद आहे. या ३.९ मध्ये विश्वासाचा वाटा किती आणि मोजणीचा, ऋतूचा व टाळूला रोज हात लागण्याचा वाटा किती, हे त्या आराखड्यातून सांगता येत नाही. त्यासाठी काहीच न लावणारा तिसरा गट लागतो, आणि केशचाचण्यांत तो जवळजवळ नसतोच.

शीव येथील अभ्यास

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातील डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारीक सुया बसविलेला लहान रूळ टाळूवर फिरविणे या उपचारास जगभर जी प्रसिद्धी मिळाली तिच्या मुळाशी हाच अभ्यास आहे. सौम्य ते मध्यम पुरुषी टक्कल असलेल्या १०० पुरुषांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाने ५ टक्के मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा लावले. दुसऱ्या गटाने तेच औषध लावले आणि त्याशिवाय त्यांच्या टाळूवर आठवड्यातून एकदा सुयांचा रूळ फिरविण्यात आला. १२ आठवड्यांनी केसांच्या संख्येतील सरासरी वाढ सुयांच्या गटात ९१.४ आणि केवळ मिनॉक्सिडिलच्या गटात २२.२ इतकी होती. आपले केस निम्म्याहून अधिक सुधारले असे सुयांच्या गटातील ४१ जणांनी, म्हणजे ८२ टक्क्यांनी सांगितले. दुसऱ्या गटातील केवळ २ जणांनी, म्हणजे ४.५ टक्क्यांनी.

लेखकांनी आपल्या शीर्षकातच हा अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा व मूल्यमापक-अनभिज्ञ असल्याचे सांगितले आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. मूल्यमापक-अनभिज्ञ याचा अर्थ निकाल ठरविणाऱ्यास गट ठाऊक नव्हता. परंतु सहभागींना तो ठाऊक होता. डोक्यावर सुया फिरल्या की नाही हे कोणापासून लपविणार? नियंत्रण गटास सुयांची नक्कल देण्यात आलेली नव्हती. या एका बाबीचे परिणाम सावकाश तपासले पाहिजेत.

पहिला परिणाम स्व-मूल्यमापनावर होतो. येथे ८२ या आकड्याइतकाच ४.५ हा आकडाही विचार करावयास लावणारा आहे. या गटातील पुरुष प्लासिबो घेत नव्हते; ते जगन्मान्य औषध लावत होते आणि गणनेनुसार त्यांचे केस सरासरीने वाढलेही होते. तरीही त्यांतील जेमतेम दोघांना भरघोस सुधारणा वाटली. फिनास्टेराइडच्या चाचण्यांत निव्वळ गोळीस डॉक्टरांकडून ३७ टक्के मिळावेत आणि येथे खऱ्या औषधास रुग्णांकडून ४.५ टक्के! दोन्ही ठिकाणच्या मोजपट्ट्या व कसोट्या वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही, हे मान्यच. पण आपल्या वाट्यास ‘जुनेच औषध’ आले, नवा उपचार शेजारच्या गटास मिळाला, हे ज्यास ठाऊक आहे त्याची निराशाही आकड्यांत उतरते. उघड चाचणीत आशा एका गटाचा आकडा वर खेचते आणि निराशा दुसऱ्याचा खाली. दोन्ही मिळून अंतर दुप्पट दिसू शकते.

दुसरा परिणाम वर्तनावर होतो. सुयांच्या गटातील व्यक्ती दर आठवड्यास रुग्णालयात येत होती. प्रत्येक भेटीत डॉक्टरांची गाठ पडते, औषध लावता की नाही याची विचारपूस होते. दिवसातून दोनदा चिकट द्रावण लावण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. दर आठवड्याची भेट हा कंटाळा मोडते. तेव्हा वाढलेल्या केसांपैकी काही केस सुयांमुळे नव्हे, तर अधिक नेमाने लावलेल्या मिनॉक्सिडिलमुळे आलेले असू शकतात. हे केस खरे असतील, मोजणीतही येतील. पण त्यांचे श्रेय सुयांचे नसेल.

तिसरा परिणाम चाचणी सोडून जाणाऱ्यांविषयी आहे. ४१ म्हणजे ८२ टक्के हा हिशेब ५० व्यक्तींवर जुळतो आणि २ म्हणजे ४.५ टक्के हा ४४ व्यक्तींवर. म्हणजे गळालेले सहभागी नियंत्रण गटातील दिसतात. ज्यास नवे काही मिळत नाही तो मध्येच सोडून जातो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. राहिलेल्यांची तुलना केल्यास यादृच्छिक विभागणीने साधलेला समतोल थोडा ढळतो.

या तीन बाबींनी ९१.४ आणि २२.२ यांतील अंतर पुसून टाकले असे मात्र म्हणता येणार नाही. अनभिज्ञ मूल्यमापकाने मोजलेल्या केसांतील इतका मोठा फरक केवळ आशेने पडणे कठीण आहे. जखम भरून येताना रोमकूपांस चालना मिळते ही उपपत्तीही अतार्किक नाही. प्रश्न फरकाच्या अस्तित्वाचा नसून आकाराचा आहे. मिनॉक्सिडिलच्या उपर्युक्त चाचणीत ४८ आठवड्यांत १८.६ केसांची वाढ झाली होती. येथे १२ आठवड्यांत ९१.४. जागा, मोजावयाच्या केसांचा प्रकार व पद्धत एकच असल्याखेरीज हे आकडे शेजारी मांडता येत नाहीत, आणि दवाखान्यांच्या जाहिराती नेमके तेच करतात.

यावर उपाय अशक्य नाही. टाळू बधिर करणारे मलम दोन्ही गटांस लावून, एका गटावर त्वचेत न शिरणाऱ्या बोथट दात्यांचा रूळ त्याच दिवशी, तितकाच वेळ फिरविता येतो. भेटींची संख्या त्यामुळे समान होते. सूक्ष्म रक्तबिंदू व लालसरपणा यांवरून काहींना ओळख पटेलच. म्हणून चाचणीच्या अखेरीस ‘आपण कोणत्या गटात होता असे वाटते?’ हा प्रश्न विचारून अनभिज्ञता किती टिकली हे तपासावे लागते. डोक्याच्या एका बाजूस सुया व दुसऱ्या बाजूस नक्कल, असाही आराखडा वापरतात. त्यात माणूस तोच राहतो ही सोय आहे. पण एका बाजूचा परिणाम दुसऱ्या बाजूस पसरत असेल तर फरक खोटाच कमी दिसतो.

नियंत्रण गटास काय द्यावे?

औषधाची रूपे भिन्न असतील तर दुहेरी नकलेची युक्ती कामी येते. ब्राझीलमध्ये ९० पुरुषांवर झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिनॉक्सिडिलची गोळी आणि मिनॉक्सिडिलचे द्रावण यांची तुलना करावयाची होती. प्रत्येक सहभागीस गोळी व द्रावण दोन्ही देण्यात आले. एकाची गोळी खरी व द्रावण नकली, दुसऱ्याचे उलट. २४ आठवड्यांनी गोळी द्रावणाहून सरस ठरली नाही. गोळी घेणे सोपे व नवे असल्याने उघड चाचणीत तिला सहज झुकते माप मिळाले असते.

याउलट भारतातील अनेक केंद्रांत झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१० पुरुषांवर कॅफीनयुक्त द्रावण आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल यांची उघडपणे तुलना करण्यात आली. सहा महिन्यांनी वाढीच्या अवस्थेतील केसांच्या प्रमाणात अनुक्रमे १०.५९ व ११.६८ टक्के सुधारणा झाल्याने कॅफीन मिनॉक्सिडिलहून कमी प्रतीचे नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. येथे प्लासिबो गट नव्हता. दोन विद्यार्थ्यांना सारखे गुण मिळाले म्हणजे दोघे हुशार असतात, की प्रश्नपत्रिका सोपी असते? तिसरा, अभ्यास न केलेला विद्यार्थी परीक्षेस बसविला तरच ते कळते. मिनॉक्सिडिलने पूर्वी अन्यत्र प्लासिबोवर मात केली आहे हे खरे. परंतु या विशिष्ट सहा महिन्यांत, या सहभागींत, ऋतू व मोजणी यांच्यामुळे सर्वांचेच आकडे किती वाढले असते याची नोंदच त्या आराखड्यात होऊ शकत नाही. नसलेल्या फरकास ‘समानता’ म्हणण्याचा मोह अशा चाचण्यांत असतो.

पूर्वसूचनेचा परिणाम उलट दिशेनेही होतो. इटलीमध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्या पुरुषांच्या एका गटास लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्यास दिली नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभराने असे दुष्परिणाम पहिल्या गटात ४३.६ टक्के, तर दुसऱ्यात १५.३ टक्के पुरुषांनी नोंदविले. औषध दोघांनाही तेच होते. संमतीपत्रातील एखादे वाक्यही चाचणीच्या आराखड्याचाच भाग ठरते, ते असे.

प्लासिबोची किंमत

प्लासिबो गट ठेवणे फुकट नसते. पुरुषी टकलात एकदा आक्रसलेले रोमकूप सहजी पूर्ववत होत नाहीत. वर उल्लेखिलेले २३९ केस कोणाच्या तरी डोक्यावरून गेले आहेत. म्हणून आराखड्यात मध्यममार्ग शोधावे लागतात. फिनास्टेराइडच्या चाचण्यांत पहिल्या वर्षानंतर सहभागींची पुन्हा विभागणी करून प्लासिबोवरील अनेकांना औषध देण्यात आले आणि औषधावरील काहींना प्लासिबोवर आणण्यात आले. दुसऱ्या प्रकारच्या पुरुषांत आधी झालेली वाढ ओसरली. केस आशेने टिकत असते तर ते टिकावयास हवे होते, कारण आपली गोळी बदलली हे त्या पुरुषांना ठाऊक नव्हते. औषधाच्या बाजूने याहून स्वच्छ पुरावा देणे अवघड आहे.

भारतात अशा चाचण्यांची माहिती आता कोणासही पाहता येते. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून चाचणी सुरू करण्यापूर्वी तीत नोंद करणे बंधनकारक झाले. प्रत्येक नोंदीत सहभागींच्या प्रवेशाच्या अटी, नियंत्रण गटास काय दिले जाणार, अनभिज्ञ कोण राहणार आणि मुख्य निकाल कोणत्या मोजमापाने, किती आठवड्यांनी ठरणार, हे रकाने असतात. जिंतूरमधील एखाद्या औषधविक्रेत्याने वा महाविद्यालयीन विद्यार्थ्याने बाटलीवरील ‘चाचणीत सिद्ध’ या शब्दांपुढे ती नोंद उघडून हे चार रकाने वाचले, तर त्या बाटलीच्या टक्केवारीतील किती केस टाळूवरचे व किती कागदावरचे, याचा बराचसा अंदाज त्यास घरबसल्या करता येतो.